गवळणीची एकादशी

घोड्याला ओकता येत नाही. देवाने त्याला वाऱ्याशी पैज लावणारे पाय दिले, पानाची सळसळ टिपणारे कान दिले, पण गिळलेलं परत बाहेर टाकायची सोय मात्र ठेवली नाही. माणूस भलतंसलतं खातो, दिवसभर कण्हतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पंगतीला पहिला. घोड्याच्या पोटात गेलं ते पुढेच सरकायला हवं. अडलं की शूळ, आणि शूळ हटला नाही की घोडं हातचं गेलं.

भिवा ढेबेला हे कुणी शिकवायला नको होतं. माथेरानच्या तांबड्या वाटांवर त्याच्या घराण्याच्या तीन पिढ्या लगाम धरून चालल्या होत्या. तरीही त्या द्वादशीच्या सकाळी गवळण तबेल्यात आडवी पडून लोळायला लागली, मान वळवून स्वतःच्याच कुशीकडे बघायला लागली, तेव्हा अडुसष्ट वर्षांचा भिवा पोरासारखा रडत घोड्यांच्या दवाखान्यात धावला. पायात वहाणासुद्धा नव्हत्या.

डॉक्टर नाझनीन मुकादमने दुपारपर्यंत झुंज दिली. नाकातून नळी घालून पोटात तेलपाणी सोडलं, सुया दिल्या, भिवाकडून घोडीला फेऱ्या मारून घेतल्या. चारच्या सुमाराला गवळणीने लीद टाकली आणि नाझनीन होती तिथेच, तांबड्या मातीत मटकन बसली.

"वाचली, काका," ती म्हणाली. "पण चोवीस वर्षांची झालीय ती. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही नसेल."

नाझनीन भिवाच्या डोळ्यांसमोर वाढलेली. तिचे अब्बा रशीद आणि भिवा यांची घोडी एकाच जांभळीखाली उभी राहायची. रशीद गेला, त्याची घोडी गेली. आता दस्तुरीच्या नाक्यापासून बाजारापर्यंत विजेच्या गाड्या आवाज न करता धावतात आणि डोंगरावर घोडी उरलीत जेमतेम साठ. त्यांतली सर्वांत म्हातारी गवळण. कधीकाळची राखी घोडी, आता पांढरीशुभ्र.

चार दिवसांनी नाझनीन एक पट्टा घेऊन आली. बोटभर जाड, मऊ, त्यावर चार काळ्या गोल तबकड्या. दोन डाव्या कुशीला, दोन उजव्या. आणि एक बोंडाएवढी डबी, तोंडावरच्या मोहरकीला नाकपुडीजवळ अडकवायची.

"अगं, हा तर पखवाज झाला," भिवा म्हणाला. "दोन्ही बाजूंना शाई लावलेला."

"पखवाज वाजतो. हा ऐकतो."

"काय ऐकतो?"

"गाव ऐकतो." नाझनीनने पट्टा आवळला. गवळणीने कान मागे केले, पण उभी राहिली. "काका, घोड्याचा कोठा केवढासा? आपल्या पाण्याच्या हंड्याएवढा. म्हणून त्याला थोडं थोडं, सारखं खावं लागतं. खरा कारभार पुढे. लहान आतडं संपलं की एक भलीमोठी पिशवी आहे आणि तिच्यापुढे मोठं आतडं. तिथे अब्जावधी सूक्ष्म जीव राहतात. गवत घोडं नाही पचवत, ते पचवतात. गवत कुजवून त्याचं बळ करतात आणि ते बळ घोडीला देतात. ही उभी आहे ती त्यांच्या जिवावर."

"म्हणजे पोटात अन्नछत्र चाललंय म्हण की."

"हो, पण पंगत ठरलेली. गवत खाणारे जीव वेगळे, गोड खाणारे वेगळे. एकदम गोड आलं की गोड खाणारे माजतात, आंबट करून सोडतात, वायू धरतो आणि गवतवाले मरतात. एकदम उपासमार झाली तरी गवतवाले मरतात आणि आतडं हलायचं थांबतं. तरुण घोडं हे सोसतं. म्हातारीचं गाव आधीच विरळ झालेलं असतं. त्यात तिचे दात झिजलेत, गवत नीट चावलं जात नाही."

मग तिने डबीचं सांगितलं. पोटात तयार झालेला वायू थोडा रक्तात शिरतो आणि श्वासावाटे बाहेर येतो. आत काय शिजतंय ते त्यावरून कळतं. हजारो घोड्यांची पोटं आणि श्वास ऐकून शिकलेलं यंत्र ते. शूळ उठायच्या दहा-बारा तास आधी सांगायचं. पट्ट्यावर एक दिवा. हिरवा म्हणजे गाव नांदतंय. पिवळा म्हणजे कुरबुर. लाल म्हणजे धाव.

"आणि लाल झाला तर?"

नाझनीनने घोडीच्या मानेवर हात ठेवला. "तर खाली अश्वाश्रमात न्यायचं. तिथे शस्त्रक्रियेची सोय आहे. वाचली तरी तिथेच राहील. या वयात दोनदा घाट नको."

भिवाने खरारा उचलला आणि साफच असलेली पाठ पुन्हा घासायला लागला.

नाझनीनने पथ्य सांगितलं. गवत भिजवून, दिवसातून सहा वेळा, मूठमूठ. पाणी कोमट. चाटायला मीठ. सकाळ-संध्याकाळ हळू चालवायचं. दात तिने स्वतः कानशीने घासून सारखे केले. "आणि धान्य बंद. ओट नाही, मका नाही, हरभरा नाही. धान्याचा कण नको."

"कण नको," भिवाने मान डोलावली.

आणि त्याने ते इमानाने पाळलं. पहाटे उठून गवत भिजवावं, घोडीपुढे बसावं आणि फोनवर तिच्या पोटातला आवाज लावावा. आधी नुसती गुरगुर वाटायची. मग कान बसला. डावीकडे लांबच्या मेघांसारखी घुमणारी गुडगुड, उजवीकडे मिनिटा-दोन मिनिटांनी सळ्ळकन पाणी सुटल्यासारखा आवाज. भिवाने देवळात चाळीस वर्षं टाळ धरलेला. त्याचा हात आपोआप मांडीवर ठेका धरायचा.

"ठकू असती तर म्हणाली असती, म्हातारा घोडीच्या पोटाला भजन लावून बसलाय," तो गवळणीला म्हणायचा.

ठकू त्याची बायको. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती.

दहाव्या दिवशी संध्याकाळी दिवा पिवळा झाला. नाझनीन धावत आली, घोडीला चालवलं, औषध दिलं. मध्यरात्रीपर्यंत दिवा हिरवा झाला.

"काय खाल्लं हिने?"

"गवत. दुसरं काय? ते पर्यटक असतील. बिस्किटं चारतात मेले." दुसऱ्या दिवशी भिवाने तबेल्यावर पाटी लावली: 'घोडीला काही चारू नये. चारणाऱ्याला घोडी चावत नाही, भिवा चावतो.'

पाटीने पर्यटक हसले, फोटो काढून गेले. कुणी काही चारलं नाही. दोन आठवडे दिवा हिरवा राहिला आणि मग पुन्हा एका संध्याकाळी पिवळा झाला. या वेळी गर्द. गवळणीचं पोट ढोलासारखं ताणलेलं. नाझनीनला तिला मार्गावर आणायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली.

दमून दोघं उंबऱ्यावर टेकली. नाझनीनने फोनवरची रेघ त्याच्यापुढे धरली. सपाट, सपाट, मध्येच उंचवटा. पुन्हा सपाट, पुन्हा उंचवटा.

"पंधरा दिवसांचं अंतर आहे, काका. पहिला शूळही या हिशोबात बसतो. पंधरा दिवसांनी इथे काय होतं?"

भिवाने उंचवट्यांवरून बोट फिरवलं.

"काल तुम्ही चहासुद्धा घेतला नाहीत माझ्याकडे," नाझनीन हळूच म्हणाली. "एकादशी होती. लहानपणी तुमच्याकडची खिचडी खायला मी एकादशीची वाट बघायचे. म्हणून विचारते. एकादशीला गवळण काय खाते?"

भिवा म्हणाला, "तिचापण उपास असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय... दिवस मावळेस्तोवर गवत नाय. मावळला की आम्ही दोघं फराळ करतो. शेंगदाण्याचे लाडू. राजगिऱ्याचे. चार मी, आठ ती."

"गूळ घालून?"

"गुळाशिवाय लाडू होतो काय?"

नाझनीनने कपाळाला हात लावला. "मी सांगितलं होतं ना, धान्याचा कण नको म्हणून!"

"मग? लाडवात धान्य कुठाय?" भिवा मनापासून चकित झाला होता. "शेंगदाणा उपासाला चालतो. राजगिरा चालतो. धान्य असतं तर एकादशीला मी तरी खाल्लं असतं काय?"

ती हसणार होती, पण हसू आलं नाही. चूक तिचीही होती. तिने डॉक्टरच्या भाषेत धान्य म्हटलं आणि त्याने एकादशीच्या भाषेत ऐकलं. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण तिलाही पाठ होती. पण घोडीचं पोट म्हण ऐकत नाही. दिवसभर रिकामं राहिलेलं गाव आणि त्यावर तिन्हीसांजेला गुळाचा पूर.

"हे बंद करायला लागेल, काका. लाडूही आणि दिवसभर उपाशी ठेवणंही."

"बारा वर्षांचं व्रत आहे ते."

"तुमचं आहे. तिचं कुठे आहे?"

"तुला काय कळणार एकादशीतलं?"

बोलला, आणि बोलल्याबरोबर त्याला ते शब्द ओकलेल्या अन्नासारखे समोर दिसले. घोड्याला ओकता येत नाही तेच बरं, असंही क्षणभर वाटलं.

नाझनीन उठली. पिशवी खांद्याला लावली. "रोजा कळतो मला," ती शांतपणे म्हणाली. "आमच्यात आजाऱ्याला रोजा माफ असतो. आणि मुक्या जिवाला रोजा नसतोच, काका." अंगणातून जाताना तिने गवळणीच्या कपाळावरून हात फिरवला. भिवाकडे मात्र बघितलं नाही.

पुढचे पंधरा दिवस औषध यायचं, नाझनीनही यायची, कामापुरतं बोलायची. भिवाला ते पिवळ्या दिव्यापेक्षा जास्त टोचायचं. पण व्रत सोडायचं म्हणजे काय, हे त्याला कुणाला सांगता येत नव्हतं. ठकू गेल्यावरच्या पहिल्या एकादशीला तो फराळाचं ताट घेऊन बसला आणि त्याला घास गिळेना. चाळीस वर्षं समोर कुणीतरी बसलेलं असायचं. तो ताट घेऊन तबेल्यात आला आणि गवळणीच्या समोर बसला. तेव्हापासून एकादशी दोघांची होती. तिने सोडली तर तो एकटा उरणार होता.

म्हणून त्याने मनाशी तोड काढली. दोष गुळाचा आहे ना? मग गूळ नको. शेवटची एकदा करू, कडक करू, नुसत्या पाण्यावर. आणि नाझनीनला कळू नये म्हणून एकादशीच्या पहाटे त्याने पट्टा सोडला, मोहरकीची डबी काढली आणि दोन्ही कोनाड्यात ठेवून दिली.

एकादशीला दुपारी देवळात कीर्तन असायचं. कर्जतहून कावेरीताई यायच्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, नऊवारी नेसलेल्या, आवाज अजून खणखणीत. पूर्वी दस्तुरीपासून देवळापर्यंत त्यांना गवळणच आणायची. आता गाडीतून येत, पण आधी तबेल्यात डोकावल्याशिवाय देवळाची पायरी चढत नसत. त्या दिवशीही अकरा वाजता आल्या.

"काय गं गवळणी, आजारी पडलीस म्हणे?" त्यांनी घोडीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. मग गव्हाणीत वाकून बघितलं. "भिवा, गव्हाण रिकामी कशी?"

"एकादशी आहे ना, ताई."

"तुला आहे. हिला काय?"

"असं काय करता, ताई?" भिवाच्या आवाजात तक्रार आली. "तुम्हीच तर सांगितलंत. ठकू गेल्यावरच्या पहिल्याच एकादशीला. तुम्ही हिला हरभरा दिलात, हिने तोंड फिरवलं. तेव्हा तुम्ही भरल्या देवळात म्हणालात, 'आपली गवळण खरी वैष्णव, आज तिचीही एकादशी!' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तेव्हापासून..."

कावेरीताई गवताच्या उपड्या पाटीवर बसल्या. मग म्हणाल्या, "अरे, तो विनोद होता."

भिवाने रिकाम्या गव्हाणीकडे बघितलं.

"पूर्वरंग जड झाला होता, लोक पेंगत होते. कीर्तनकाराला एक हशा लागतो, भिवा. मी तो तुझ्या घोडीवर घेतला. मी हशा घेऊन घरी गेले आणि तू त्याचं व्रत केलंस." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "बारा वर्षं ही माझ्या एका विनोदापायी उपाशी राहिली?"

तेवढ्यात फाटकाशी नाझनीन आली. चढाने तिला धाप लागली होती.

"पट्टा गप्प झाला की मला फोनवर कळतं. आज बघायला उशीर झाला," ती म्हणाली. रागावली नाही, ओरडली नाही. "कुठे आहे?"

भिवाने कोनाड्यातून पट्टा काढून दिला. तिने बांधला, फोनचा आवाज वाढवला आणि तिघं ऐकायला लागली.

काही नव्हतं.

डावीकडचा मेघ गेला होता. उजवीकडचं पाणी सुटत नव्हतं. पट्टा क्षणभर विचारात पडला आणि दिवा पिवळा झाला. गर्द. नारिंगीकडे झुकलेला.

देवळात टाळ थांबलेले भिवाने ऐकले होते, पखवाजाची शाई फुटलेली ऐकली होती. पण अशी शांतता त्याने ऐकली नव्हती. गाव उठून गेल्यासारखी. "नाझनीन," तो म्हणाला, "लाल व्हायच्या आत काय करायचं ते सांग. मी तुला जे बोललो..."

"ते नंतर. गवत भिजवा. कोमट पाण्यात. मूठभरच."

पुढचे तीन तास तिघांनी एकादशी केली ती अशी. नाझनीनने नळीने पाणी आणि औषध दिलं. भिवाने घोडीला अंगणात हळूहळू चालवलं, थांबून मूठभर ओलं गवत तळहातावर धरलं, पुन्हा चालवलं. पहिल्या मुठीला तिने तोंड फिरवलं. दुसरीला नुसती हुंगली. तिसरी त्याने ओठांना लावून धरली, आणि गवळणीने त्याच्याकडे असं बघितलं, जणू आज चालतं का असं विचारतेय.

"खा, बाय," भिवा म्हणाला. "माझी चूक झाली. खा."

तिने चार काड्या ओढल्या. चावायला लागली.

देवळातून निरोप आला, लोक जमलेत. कावेरीताई म्हणाल्या, "सांगा, पूर्वरंग इथे चाललाय. उत्तररंगाला येते." मग गवताची पाटी अंगणात ओढून तिच्यावर बसूनच त्या हलक्या आवाजात नाम घ्यायला लागल्या, घोडीला भिवाच्या पावलांची लय सापडावी इतक्याच हलक्या.

दोन वाजता उजवीकडून सळ्ळ असा एक आवाज आला. एकच. नाझनीनने बोट वर केलं. सगळे थांबले. दीड मिनिटाने पुन्हा. मग डावीकडे, फार लांब, कुठेतरी खूप खोल, मेघ गुडगुडला.

"गाव जागं झालं," भिवा पुटपुटला.

आणि तीनला दहा कमी असताना गवळणीने शेपूट उचललं आणि अंगणाच्या मधोमध, कावेरीताईंच्या पाटीपासून हातभर अंतरावर, ओलसर, हिरवट, सुबक गोळ्यांची लीद टाकली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या कीर्तनकार बाईंनी दोन्ही हात वर करून असा गजर केला की जांभळीवरची माकडं पळाली.

"ताई, सोवळं?" भिवा हसत आणि रडत म्हणाला.

"गप रे. आजचा प्रसाद हाच."

जाण्याआधी त्या भिवाजवळ थांबल्या. "तुला एकटं वाटतं, होय ना? फराळाला?"

त्याने होकाराची मान हलवली.

"उपवास हा शब्द मी कीर्तनात शंभरदा फोडला असेल. उप म्हणजे जवळ, वास म्हणजे राहणं. देवाच्या जवळ राहायचं. पोट रिकामं ठेवणं हे त्याचं नुसतं टरफल. तू आज सकाळी उपाशी होतास, पण हिच्यापासून लांब होतास. पट्टा सोडून कोनाड्यात ठेवलास तेव्हा लांब गेलास. गेले तीन तास मात्र जवळ होतास." त्यांनी गवळणीच्या पाठीवर हात ठेवला. "हा उपवास. हिला खाऊ घाल आणि तू जवळ बस. ठकूलाही हेच आवडलं असतं."

उत्तररंगाला त्या देवळात गेल्या आणि भरल्या सभेत त्यांनी स्वतःची गोष्ट सांगितली. एका हशासाठी एका मुक्या जिवाला उपाशी ठेवलेल्या कीर्तनकाराची. नाव न बदलता. त्या दिवशी कुणी हसलं नाही, असं म्हणतात.

भिवा ऐकायला गेला नाही. तो तबेल्याच्या उंबऱ्यावर बसला होता. ऊन उतरून तांबड्या मातीवर आणखी तांबडं झालं होतं. नाझनीन गव्हाणीशी उभी राहून पथ्याच्या कागदावर काहीतरी लिहीत होती.

"काय लिहितेस?"

"'धान्य बंद' खोडते. 'गूळ, लाडू, शेंगदाणे, राजगिरा, बिस्किटं आणि भिवाकाकांच्या मनाला येईल ते सर्व बंद' असं लिहिते."

"आणि खाली लिही, एकादशीला रोजचंच."

तिने लिहिलं. मग पेन खिशाला लावून ती त्याच्या शेजारी उंबऱ्यावर टेकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"त्या दिवशी मी बोललो ते..." भिवा म्हणाला.

"काका, भूक लागलीय. लाडू आहेत का?"

भिवाने आतून डबा आणला. गवळणीसाठी म्हणून बारा वर्षं वळत आला होता तेवढेच आजही सवयीने वळून ठेवले होते. चार त्याचे, आठ तिचे. त्याने आठ नाझनीनच्या ओढणीत ठेवले.

"इतके?"

"खा गं. तुला कुठे एकादशी आहे."

ती खायला लागली. समोर गवळण ओलं गवत सावकाश, झिजल्या दातांनी चावत होती. दिवस मावळला होता, पट्ट्यावरचा दिवा हिरवा झाला होता. भिवाने आपला पहिला लाडू फोडला, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्याचा घास माणसाशेजारी बसून उतरला.